पहिलाच बाण महत्त्वाचा

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम बहुतेक राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. परवाना, हद्द, तारखा सगळे कायद्याने ठरलेले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि ती असावीच, असे माझे मत. पण तिथले जाणते शिकारी हंगामाआधी जो सराव करतात, तो शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

नवशिका काय करतो? अंगणात टी-शर्ट घालून, सपाट जमिनीवर उभे राहून, वीस मीटरवरच्या चकतीवर ओळीने पन्नास बाण सोडतो. दहाव्या बाणापर्यंत खांदा गरम होतो, हाताला लय सापडते, पुढचे बाण एकमेकांना चिकटून बसतात. स्वारी खूश! प्रत्यक्षात तो पहाटेच्या थंडीत, जाड कोट घालून, मचाणावर तासन् तास न हलता बसलेला असतो. गारठ्यात मज्जातंतूंमधून संदेश हळू जातात, बोटे बधिरतात. हरीण दिसताच अ‍ॅड्रेनॅलिन उसळते, नाडी धावते, हात थरथरतो. तिकडे याला ‘बक फीव्हर’ म्हणतात. थर्मामीटरमध्ये न दिसणारा ताप. आणि बाण एकच. सरावातला पन्नासावा नव्हे, पहिला.

तो चुकला तर भोगते ते जनावर. हृदय आणि फुप्फुसांचा वेध घ्यायची जागा जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटरची. बाण सेकंदाला साधारण ८० मीटर जातो, आवाज ३४० मीटर. म्हणजे तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधीच पोहोचतो आणि उडी घेण्यासाठी ते अंग खाली दाबते. पोटात बाण घेऊन पळालेले हरीण तासन् तास तडफडते. म्हणून लांबचा नेम टाळणे हाही तयारीचाच भाग.

जाणते लोक सराव बदलतात तो यासाठी. सकाळी उठून, अंग गरम न करता, एकच बाण. दिवसाचा हिशेब त्याच्यावर. हरणाच्या आकाराचा फोमचा पुतळा, अंतर दर वेळी वेगळे. खुर्चीत बसून, कोट घालून, उंचावरून कमरेत वाकून. कधी मुद्दाम थोडे धावून, धापा टाकत. मेंदू कौशल्य ज्या परिस्थितीत शिकतो, त्याच परिस्थितीत ते सर्वांत चांगले आठवतो. मचाणावर सुरक्षा पट्टा बांधून चढण्या-उतरण्याचाही सराव हवा. मचाणावरून पडून मणका मोडणे ही या छंदातली नेहमीची दुखापत आहे.

दुसरी दुखापत खांद्याची. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर धरतात ते ‘रोटेटर कफ’चे चार स्नायू. कंपाउंड धनुष्याच्या कप्प्यांमुळे पूर्ण ओढल्यावर भार बराच कमी होतो, पण तिथवर पोहोचताना तीस किलोचे धनुष्य तेवढाच जोर मागते. हंगाम जवळ आला म्हणून आठवड्यात शेकडो बाण सोडले की हे स्नायूबंध सुजतात. परीक्षा सोपी आहे. खुर्चीत बसा, धनुष्य समोर सरळ धरा आणि सावकाश ओढा. ते आकाशाकडे उचलून झटका द्यावा लागत असेल, तर धनुष्य तुम्हाला जड आहे. भार कमी करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

२०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विजेते ठरले. तेव्हापासून मुलाला धनुर्विद्येला घालू का, असे विचारणारे पालक भेटतात. जरूर घाला. पण रोज किती बाण सोडले, एवढेच प्रशिक्षकांना विचारू नका. बाद फेरीत एका बाणाला वीस सेकंद मिळतात आणि दोन बाणांमध्ये प्रतिस्पर्ध्याची पाळी येते. तशा थांबत-थांबत, घड्याळ लावून, वाऱ्यात नेम धरायला शिकवतात का, ते विचारा. वाढत्या वयाच्या मुलाला मोठ्या भावाचे धनुष्य देऊ नका. पाठीच्या फऱ्यांमागचे स्नायू बळकट करणारे रबरी पट्ट्यांचे व्यायाम आठवड्यातून तीनदा पुरतात. रिकामे धनुष्य ओढून सोडायचे नाही, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. ते तुटून तोंडावर येऊ शकते. रात्री त्या कुशीवर झोपल्यावर खांदा दुखत असेल, किंवा केस विंचरताना कळ येत असेल, तर मलम चोळत बसू नका. दोन आठवडे बाण बंद ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.