बंडलवरची अक्षरं आणि डीबीतला आकडा

घराचं वायरिंग करून घेताना गिऱ्हाईक दुकानदाराला दोनच गोष्टी विचारतं: कंपनी कोणती आणि एफआर की एफआरएलएस? नव्वद मीटरच्या बंडलवर छापलेली ही अक्षरं आता इतकी परिचित झाली आहेत की ती वाचली म्हणजे सुरक्षिततेचा विषय संपला, अशी समजूत पक्की झाली आहे. हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला विचारायचा आहे. तार कितीही चांगली असो, तिच्या मागे किती अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट झाला की लाइन तोडणारा स्विच) आहे, तिच्या टोकाला जोड कसा आहे आणि तिच्या सोबतीने हिरवी अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत जाते का, यावर घर सुरक्षित आहे की नाही ते ठरतं. आपण पैसा तारेवर खर्च करतो आणि सर्किट वायरमनच्या मर्जीवर सोडतो. या लेखाचं म्हणणं एवढंच, की हा क्रम उलटा आहे.

तारेला इतकं महत्त्व का आलं, याला इतिहास आहे. गिरगाव-परळच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत वीज आली तेव्हा तारेवर रबराचं आवरण असे आणि त्यावर विणलेलं सूत. ती लाकडी केसिंग-कॅपिंगमधून, किंवा सागवानी पट्टीवर टिनच्या क्लिपांनी ठोकून फिरवलेली असे. उष्णतेने रबर कडक होई, तडकून गळू लागे आणि तार उघडी पडे. म्हणजे तेव्हाचा दुबळा दुवा खरोखर तारच होती. पुढे पीव्हीसी आलं आणि हा रोग बराचसा गेला. मधल्या काळात तांब्याच्या टंचाईमुळे ॲल्युमिनियमच्या तारा घरोघरी गेल्या. त्यांची गोष्ट पुढे येईलच. मापंही बदलली. १/१८, ३/२०, ७/२० या जुन्या गेजच्या खुणा अजून काही वयस्क वायरमनच्या तोंडी आहेत. बाकी सगळीकडे दीडची, अडीचची, चारची, म्हणजे चौरस मिलिमीटरची भाषा रुळली. या सगळ्या प्रवासात तार सुधारत गेली, पण तिच्यावरचा लोड त्याहून वेगाने वाढला. चार दिवे, एक पंखा, रेडिओ आणि अधूनमधून इस्त्री, एवढ्या घराची गरज एका किलोवॉटच्या आत-बाहेर, म्हणजे चार-पाच अँपिअर. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन किलोवॉटचा गीझर, दीड टनाचा एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन असतं. यातली तीन सकाळी एकाच वेळी चालू झाली तरी पंचवीस अँपिअरच्या आसपास जातं.

आता बंडलवरची अक्षरं नेमकं काय सांगतात ते पाहू. एफआर म्हणजे आवरण आगीला सहजी साथ देत नाही. त्याची कसोटी अशी, की आवरण जळत राहण्यासाठी हवेत किमान २९ टक्के ऑक्सिजन लागला पाहिजे. आपल्या हवेत तो २१ टक्केच असल्यामुळे ज्योत काढून घेतली की आवरण विझतं. एफआरएलएसमध्ये यापलीकडे धूर आणि आम्लवायू कमी निघण्याची अट असते आणि हॅलोजनमुक्त तारेत क्लोरीनसारखी द्रव्यंच नसतात. हे गुण खरे आहेत. पण यातला एकही गुण तारेतून जास्त करंट नेण्याची मुभा देत नाही. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंत टिकतं आणि एफआर पीव्हीसीसुद्धा ७० अंशांपर्यंतच. आग लागल्यावर तार कशी वागेल हे ती अक्षरं सांगतात. आग लागू नये याची सोय त्यांच्यात नाही. ती सोय डीबीत, म्हणजे घराच्या वितरणपेटीत असते.

डीबीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा एमसीबीच्या तोंडावर छापलेला असतो आणि तो बहुतेक घरांत कोणी वाचलेला नसतो. दीडची तांब्याची तार भिंतीतल्या पाइपातून जाताना साधारण १४-१५ अँपिअर सुखाने नेते. तिच्यामागे १० चा, फार तर परिस्थिती पाहून १६ चा एमसीबी हवा. पण घरात नंतर एसी येतो, त्याच लाइनवर इस्त्रीही लागते, एमसीबी वरचेवर पडू लागतो आणि तक्रार जाते. वायरमन येतो, पाच मिनिटांत १६ चा काढून ३२ चा बसवतो. त्यानंतर तो पडत नाही आणि सगळे खूश. आता हा ३२ चा एमसीबी कसा वागतो? प्रमाणकानुसार त्याने आपल्या आकड्याच्या १.१३ पट, म्हणजे सुमारे ३६ अँपिअरला तासभर पडता कामा नये, १.४५ पट, म्हणजे सुमारे ४६ अँपिअरला तासाभरात पडलंच पाहिजे. तारेतून २८ अँपिअर वाहू लागले तर एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल आहे. तारेच्या लेखी मात्र करंट दुप्पट झाला, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते म्हणजे ती चौपट झाली. प्लास्टरच्या आत, दिसणार नाही अशा ठिकाणी आवरण रोज थोडं थोडं मऊ होत, कडक होत, तडकत जातं. इथे तार उत्तम कंपनीची, एमसीबी अस्सल, दोघंही आपलं काम चोख करत आहेत. चूक आहे ती त्यांच्या जोडीत. पडणारा एमसीबी म्हणजे बिघाड, अशी समज असेपर्यंत हे असंच चालणार.

अशा घराला आग लागली की पंचनाम्यात आणि बातमीत एकच कारण येतं, शॉर्ट सर्किट. खरा शॉर्ट सर्किट म्हणजे फेज आणि न्यूट्रल थेट भिडणं. त्यात करंट शेकडो अँपिअरवर जातो आणि घरात सर्रास मिळणारा सी प्रकारचा एमसीबी दहापट करंटला सेकंदाच्या छोट्या अंशात तुटतो. म्हणजे ज्या दोषावर आपण सगळं खापर फोडतो, त्याचाच बंदोबस्त आपल्याकडे सर्वांत चांगला आहे. घात होतो तो ढिल्या जोडात. हिशेब करून पाहा: दोन किलोवॉटचा गीझर जवळपास पावणेनऊ अँपिअर घेतो. त्याच्या सॉकेटमागचा स्क्रू सैल राहिला आणि तिथे अर्धा ओहम रोध आला, तर त्या वाटाण्याएवढ्या जागेत ३८ वॉट उष्णता साठते. सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच तापतं. करंट मात्र वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. एमसीबीला काही कळण्याचा संबंधच नाही. सॉकेटचं तोंड पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जळका वास. ॲल्युमिनियमने हाच आजार मोठा करून दाखवला. त्याच्या पृष्ठभागावर वीज अडवणारा थर चटकन धरतो, स्क्रूखाली दाबल्यावर धातू हळूहळू सरकतो आणि तापण्या-निवण्याने पकड सुटते. अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या दरम्यान लाखो घरांत ॲल्युमिनियमच्या तारा गेल्या, आणि तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अभ्यासात अशा जुन्या घरांतले जोड आगीच्या पातळीपर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट निघाली. तार मधोमध कुठे जळत नव्हती. तिचं टोक जळत होतं. आपल्याकडे अजूनही दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळून पाइपात ढकलण्याची पद्धत आहे. एक जोड बंडलवरच्या सगळ्या अक्षरांवर पाणी फिरवतो.

आगीइतकाच मोठा प्रश्न माणसाला बसणाऱ्या धक्क्याचा, आणि तो आपल्या चर्चेत जवळजवळ नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा अलीकडे दरवर्षी दहा हजारांच्या वरच राहिला आहे. त्यात शेतावरचे, रस्त्यावरचे, कारखान्यातले अपघातही आहेत. पण न्हाणीघर आणि ओटा काही कमी धोक्याचे नाहीत. इथे एमसीबीचा काडीचा उपयोग नाही. सहाचा एमसीबी ६००० मिलिअँपिअरवर बेतलेला, आणि माणसाचं हृदय बंद पडायला शंभरच्या आतले मिलिअँपिअर पुरतात. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला बाजारात अजून ईएलसीबी म्हणतात. तेवढी गळती झाली की ३०० मिलिसेकंदांत आणि पाचपट झाली तर ४० मिलिसेकंदांत तो लाइन तोडतो. यावर जुन्या जाणकारांचा ठरलेला आक्षेप असतो: अर्थिंग चांगलं केलं की पुरे, हे यंत्र कशाला? महाराष्ट्राच्या भूगोलातच याचं उत्तर आहे. राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टच्या खडकावर आहे. मे महिन्यात वरची माती भेगाळते आणि कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्याचा रोध कितीतरी वाढतो. तो २० ओहम धरला, तर गीझरच्या बॉडीवर फेज आल्यावर जमिनीत जातील फक्त साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गीझरचा नळ जिवंत राहील. आरसीसीबीला मात्र हे साडेअकरा अँपिअर गरजेच्या शेकडो पट आहेत. म्हणजे अर्थिंग आणि आरसीसीबी हे एकमेकांना पर्याय नव्हेत. आपल्या खडकाळ जमिनीत तर दुसऱ्यावाचून पहिलं लंगडं आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी ठरावीक भारापुढे असं उपकरण सक्तीचं केलं आहे, ते उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो झटकून चालणार नाही. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो, अख्खं घर अंधारात जातं, शेवटी लोक तो बायपास करून टाकतात. कोकणात आणि गोव्यात चार महिने भिंती ओल्या असतात, तिथे हे नित्याचं. पण पडण्याची बहुतेक कारणं शोधता येतात: बाल्कनीतल्या दिव्यात शिरलेलं पाणी, गीझरचं जुनं कॉइल, किंवा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रलपट्टीत घुसवलेला, जे डीबीचं झाकण काढल्यावर फार ठिकाणी दिसतं. खरा दोष असतो तो संपूर्ण घराला एकच आरसीसीबी लावण्यात. न्हाणीघर व ओटा एकावर, बाकी दुसऱ्यावर, फ्रिज वेगळा, एवढी विभागणी केली तरी तक्रार निम्म्याने उतरते. इथे पुन्हा प्रश्न सर्किटाचाच आहे. प्रमाणकाने दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटावर १० पॉइंट किंवा ८०० वॉटची आणि पॉवरच्या सर्किटावर दोन सॉकेटची मर्यादा घातली, तीही याच विचाराने. इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धानंतर तांबं वाचवायला सॉकेटांची वर्तुळाकार लाइन आणि प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज अशी पद्धत स्वीकारली. आपण त्यांचाच जुना गोल पिनांचा प्लग ठेवला, पण लाइन सरळ, झाडाच्या फांदीसारखी नेली. फ्यूज प्लगमध्ये नसल्यामुळे आपल्याकडे सगळी भिस्त डीबीवर आहे, हे मात्र आपण विसरलो.

आता तारेच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटलंच पाहिजे. उंच इमारतीच्या डक्टमधून शंभरेक केबली एकत्र वर जातात, आणि मजल्यामजल्याला ती पोकळी बुजवलेली नसेल तर धूर सरळ जिन्यात येतो. तिथे कमी धुराची किंवा हॅलोजनमुक्त केबलच हवी, कारण आगीत माणसं बहुधा धुरानेच दगावतात. फायर लिफ्ट आणि पंपाच्या लाइनला तर आगीतही चालू राहणारी, अभ्रकाच्या पट्टीची केबल लागते. म्हणजे महागडी तार सामाईक जागेत द्यायला हवी, आणि बिल्डर नेमकी उलट वाटणी करतो. नकली तारेचा प्रश्नही खरा. दीडच्या नव्वद मीटर बंडलात सुमारे १.२ किलो तांबं असायला हवं आणि त्याचा रोध जेमतेम १.१ ओहमपर्यंत, मीटर लावला की चोरी लगेच उघड होते. पण हा तपास दोन मिनिटांचा आहे, ब्रँडच्या जाहिरातीवर श्रद्धा ठेवण्याची त्यात गरज नाही.

खर्चाचं काय? पागडीच्या खोलीत भाडेकरूने सगळ्या भिंती फोडून तारा बदलाव्यात, ही अपेक्षाच अवास्तव आहे. मालक हात वर करतो आणि इमारत पुनर्विकासाच्या रांगेत असते. पण जुनी तार तशीच ठेवूनही तिचा एमसीबी तिच्या मापाचा करता येतो, आरसीसीबी बसवता येतो, स्क्रू आवळता येतात, एसी आणि गीझरला डीबीपासून चारची नवी लाइन उघड्या केसिंगमधून नेता येते. सगळ्या घराच्या रिवायरिंगच्या मानाने हा खर्च फारच थोडा. एसी नव्या लाइनवर गेला की जुन्या तारेला पुन्हा तिच्या काळचा लोड मिळतो.

कायद्याची नजर मात्र याच जागी चुकते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने सोसायट्यांना दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा बी नमुन्यातला दाखला द्यायला लावला आहे. म्हणजे पंप आणि होजरील वर्षातून दोनदा पाहिले जातात. फ्लॅटच्या आतल्या वायरिंगची परीक्षा व्यवहारात एकदाच होते, मीटर घेताना परवानाधारक कंत्राटदार टेस्ट रिपोर्ट देतो तेव्हा. पुढची तीस-चाळीस वर्षं मेगर, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, कोणी लावत नाही. त्या रिपोर्टवर प्रत्येक सर्किटासमोर तारेचं माप, एमसीबीचा आकडा आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला, असे तीन रकाने असते आणि घर विकताना तो नव्याने लागला असता, तर ३२ चा एमसीबी दीडच्या तारेवर टिकला नसता. आता पार्किंगमध्ये मोटारी चार्ज होऊ लागल्या आहेत. ३.३ किलोवॉटचा साधा चार्जर १४ अँपिअर घेतो, आणि तो गीझरसारखा वीस मिनिटं नव्हे तर रात्रभर घेतो. त्यासाठी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शनची तार बऱ्याच सोसायट्यांत दिसते, आणि तिच्यावर एफआर असं ठळक छापलेलं असतं.