सुरांची परतीची वाट

मोहम्मद रफींनी १९५२ सालच्या 'आन' या चित्रपटासाठी नौशाद यांच्या संगीतात गायलेले एक गाणे २०१० साली नव्याने ध्वनिमुद्रित झाले. ते गायले बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशात जन्मलेल्या अँजेलिक किजो यांनी. त्यांच्या 'ओयो' या अल्बममध्ये मुंबईच्या चित्रसृष्टीतले हे गाणे अमेरिकन सोल गायक जेम्स ब्राउन यांच्या गाण्याच्या सोबतीने येते, कारण लहानपणी आणि तरुणपणी कानांवर पडलेल्या संगीताला वाहिलेला हा अल्बम आहे. किजो यांची ओळख करून देताना 'आफ्रिकी वारशात जगभरचे संगीत मिसळणारी गायिका' असे म्हणण्याची पद्धत आहे. या वर्णनात एक गृहीतक दडलेले असते. आधी एक शुद्ध, बंदिस्त आफ्रिका होती आणि परदेशी गेल्यावर या गायिकेने तिच्यात बाहेरचे काही ओतले, असे ते गृहीतक. किजो यांचे काम लक्षपूर्वक ऐकले तर ते टिकत नाही. एके काळी बळजबरीने तोडलेली संगीताची नाती त्यांनी पुन्हा सांधली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

यासाठी त्यांच्या जन्मगावाकडे पाहावे लागते. किजो १९६० साली उइदा या किनारपट्टीच्या गावी जन्मल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे गाव गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. इतिहासकारांच्या अंदाजाने दहा लाखांहून अधिक माणसे येथून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली गेली. ब्राझील, हैती, क्यूबा येथल्या मळ्यांवर पोचलेल्या या माणसांजवळ सामानसुमान काहीच नव्हते, पण देवतांची नावे, ढोलांचे ठेके आणि एकाने सुरुवात करायची व बाकीच्यांनी उत्तर द्यायचे ही गाण्याची रीत त्यांच्या स्मरणात होती. त्यातूनच तिकडची कितीतरी लोकप्रिय संगीते घडली. पुढे ब्राझीलमधून सुटका झालेली काही कुटुंबे उइदा आणि आसपासच्या गावांत परतली व पोर्तुगीज आडनावांसह तिथेच राहिली. म्हणजे किजो यांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून या गावात समुद्रापलीकडचे जग नांदत होते. त्यांची आई नाटक मंडळी चालवत असे. सहाव्या वर्षी त्या रंगमंचावर आल्या. भावांच्या बँडमुळे अमेरिकन सोल आणि रॉक घरातच वाजत होते. बंदराच्या गावाला बाहेरचे सूर परके नसतात. रफींचे गाणे तिथवर पोचले यात म्हणूनच अस्वाभाविक काही नाही.

१९७२ च्या लष्करी उठावानंतर बेनिनमध्ये मॅथ्यू केरेकू यांची एकाधिकारशाही आली. पुढे मार्क्सवादी म्हणवणाऱ्या या राजवटीने कलावंतांकडून आपले गुणगान अपेक्षिले. ते नाकारून किजो यांनी १९८३ साली देश सोडला आणि पॅरिस गाठले. तिथे त्यांनी जॅझचे शिक्षण घेतले, तेथेच संगीतकार जाँ एब्राय यांच्याशी त्यांचे सहजीवन आणि सहकार्य सुरू झाले. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या. १९९१ च्या त्यांच्या अल्बमचे नाव 'लोगोझो', म्हणजे फॉन भाषेत कासव. घर पाठीवर घेऊन चालणाऱ्या प्राण्याचे हे नाव एका निर्वासित गायिकेला किती चपखल लागू पडते! त्या मुख्यतः फॉन आणि योरुबा भाषांत गात राहिल्या. बेनिनमधल्या अबोमेच्या परिसरातली 'झिलिन' ही आलापासारखी कंठ खेळवणारी गायकी त्यांनी सोडली नाही. परदेशी गेल्यावर मातृभाषा सोडणे सोयीचे असते, तसेच बाजाराच्या दृष्टीने फायद्याचेही. किजो यांनी ती सोय नाकारली.

त्यानंतरचे काम पाहिले की परतीची वाट स्पष्ट दिसू लागते. १९९८ च्या 'ओरेमी'त अमेरिकेतले कृष्णवर्णीय संगीत आहे, २००२ च्या 'ब्लॅक आयव्हरी सोल'मध्ये ब्राझीलचा बाहिया प्रांत आणि २००४ च्या 'ओयाया'त कॅरिबियन बेटे. गुलामांची जहाजे जिकडे गेली, नेमक्या त्याच दिशा. २०१९ चा 'सेलिया' हा अल्बम क्यूबन गायिका सेलिया क्रूझ यांना वाहिलेला आहे. क्यूबात जिवंत राहिलेल्या योरुबा देवतांची गाणी क्रूझ गात असत. किजो यांनी क्रूझ यांची गाणी बेनिनच्या ब्रास बँडला सोबत घेऊन गायली. त्याआधी, २०१८ साली, त्यांनी टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडचा 'रिमेन इन लाइट' हा १९८० चा संपूर्ण अल्बम नव्याने केला. मूळ अल्बमवर नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या अ‍ॅफ्रोबीटचा प्रभाव उघड होता. किजो यांच्या आवृत्तीत ड्रम वाजवायला आले फेलांचेच वादक टोनी अ‍ॅलन. उसना नेलेला ठेका ज्याच्या हातून घडला होता, त्याच्याच हाती तो परत आला.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे पाश्चात्त्य कानांना रुचेल असे चकचकीत केलेले संगीत आहे, अस्सल आफ्रिका त्यात उरत नाही. निर्मितीची सफाई खरी, पण अस्सलपणाची ही कसोटी फक्त आफ्रिकेलाच लावली जाते. पियानो वाजवणाऱ्या जपानी कलावंताला कोणी जाब विचारत नाही. गिटार हाती घेणाऱ्या आफ्रिकी माणसाने मात्र आपली मुळे सिद्ध करावीत अशी अपेक्षा असते. शिवाय २०१४ च्या 'ईव्ह' अल्बमसाठी किजो बेनिन आणि केनियातल्या गावोगावच्या स्त्रियांच्या समूहगानापर्यंत गेल्या. मुळांकडे पाठ फिरवलेला कलावंत हा प्रवास करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपन्या पाश्चात्त्य, पारितोषिकेही तिथलीच. मग ही परतफेड कसली? यात तथ्य आहे. जगातल्या असंख्य परंपरांना 'वर्ल्ड म्युझिक' या एकाच टोपलीत टाकण्याची सवय बाजारानेच लावली, आणि ग्रॅमीने ते नाव २०२० मध्ये येऊन बदलले. किजो यांना मिळालेली पाचही ग्रॅमी पारितोषिके याच विभागातली आहेत. पण बाजाराची चौकट त्यांनी घडवलेली नाही; त्या चौकटीत राहून कोणती भाषा गायची हे मात्र त्यांनी ठरवले. मिळालेल्या प्रसिद्धीचा उपयोग त्यांनी युनिसेफच्या सदिच्छादूत म्हणून आणि आफ्रिकी मुलींच्या शिक्षणासाठी स्थापन केलेल्या 'बाटोंगा' संस्थेसाठी केला. पुरस्कार देणारे कोण होते, यापेक्षा मिळालेल्या व्यासपीठावरून काय मांडले गेले, हे मोलाचे.

म्हणून 'मिश्रण' हा शब्द या कामाला अपुरा आहे. मिश्रणात दोन अनोळखी गोष्टी एकत्र येतात. इथे ताटातूट झालेली भावंडे भेटत आहेत. वाचकांना एवढीच विनंती: सेलिया क्रूझ यांचे एखादे जुने ध्वनिमुद्रण आणि त्याच गाण्याची किजो यांची आवृत्ती एकापाठोपाठ ऐका. ते सूर मुळात कोणत्या किनाऱ्यावरून, कोणाच्या कंठातून आणि किती यातना सोसून निघाले होते, हा प्रश्न मनात ठेवून ऐका.