बर्फावरचं 'डोला रे'

आमच्या घरात क्रिकेटचे वेडे तीन आणि फिगर स्केटिंगची वेडी मी एकटी. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, शहाड स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, जिथं मे महिन्यात पंख्याखालीही जीव नकोसा होतो, तिथं बसून बर्फावरच्या नाचाचं वेड लागावं हे जरा विचित्रच. पण लागलं खरं.

सुरुवात माहेरी बदलापूरला झाली. फेब्रुवारी १९९८. मी एस.वाय.बी.ए.ला होते आणि घरी नुकतंच केबल आलं होतं. जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या मुलींचा सामना चालू होता. अमेरिकेची मिशेल क्वान अशी काही घरंगळत होती, की पायाखाली बर्फ आहे की साय, कळेना. सुवर्णपदक मात्र तिच्याच देशाच्या पंधरा वर्षांच्या तारा लिपिन्स्कीला मिळालं. मी रडले. आई आतून म्हणाली, "तुझी कोण लागते गं ती?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच स्पर्धेत फ्रान्सच्या सूर्या बोनालीनं हवेत उलटी कोलांटी मारली आणि एका पायावर उतरली. ती उडी नियमात बसत नव्हती, गुण कापले जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी मारली. तेव्हापासून दर चार वर्षांनी मी टीव्हीपुढे ठाण मांडते.

नागानोत भारताचाही एक खेळाडू होता, हे मला फार उशिरा कळलं. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा सोळा वर्षांचा शिवा केशवन, ल्यूज म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत. अख्ख्या देशातून एकटा. फिगर स्केटिंगमध्ये तर आजवर ऑलिम्पिकला आपलं कुणी गेलेलंच नाही. म्हणजे मी इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्या झेंड्यांना. कधी जपानच्या शिझुका अराकावासाठी, कधी कोरियाच्या किम यू-नासाठी. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, चिडवायचे, "सूनबाई, खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले तेव्हा कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. तुझ्या त्या बर्फवालीसाठी तू काय टाकणार?" मी म्हणायची, "कुकर टाकते."

मग २०१० उजाडलं. कॅनडातलं व्हँकुव्हर ऑलिम्पिक. आइस डान्स म्हणजे जोडीनं करायचा नाच. यात जोडीदारणीला डोक्यावर उचलायचं नाही, हवेत भिरकावायचं नाही, सगळी करामत पायांत. स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची, मधे बारीक खाच. कोणत्या कडेवर भार आहे यावर परीक्षकांचा डोळा असतो. त्या वर्षी एका फेरीसाठी विषय होता लोकनृत्य. ज्यानं त्यानं कुठल्याही देशाचं निवडावं. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी निवडला आपला हिंदी सिनेमा!

सोमवार, २२ फेब्रुवारी. रात्री बातम्यांत तुकडा दाखवला. मी पोळ्या लाटत होते. 'डोला रे' ऐकू आलं तेव्हा वाटलं, जाहिरात असेल. वळून बघते तर बर्फावर ती गोरी मुलगी घागऱ्यासारख्या पोशाखात, हातात मुद्रा, मान बरोब्बर ठेक्यावर. तव्यावरची पोळी करपली. दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेतून आणता आणता तशीच सायबर कॅफेत गेले. तासाला वीस रुपये. अख्खा नाच तीनदा पाहिला. 'देवदास'ची गाणी आणि 'कजरा रे', अशी जोडणी होती. लेक माझ्या मांडीवर, तेव्हा पहिलीत. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, मला हे बूट पायजेत."

माझा ऊर भरून आला होता हे खोटं कशाला सांगू. ज्या खेळात आपला कुणीच नाही, तिथं आपलं गाणं पोहोचलं होतं. त्या जोडीला शेवटी रौप्यपदक मिळालं आणि ते आपलंच असल्यासारखी मी गल्लीत सांगत फिरले. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, अगं बाई, पदक अमेरिकेचं, झेंडा अमेरिकेचा, तू कसली पेढे वाटतेस? त्याच फेरीत रशियाची एक जोडी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा नाच म्हणून काहीतरी करत होती. अंगभर रंगाचे पट्टे ओढलेले. तिथल्या आदिवासी नेत्यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली, आमची थट्टा चालवलीय म्हणाले. आपण मात्र खूश. या अमेरिकन पोरांनी निदान मिशिगनमधल्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे जाऊन हातवारे शिकून घेतले होते, म्हणून त्यांचा नाच खटकला नाही, असं मला वाटतं. शिवाय 'डोला रे'मध्ये शुद्ध भारतीय काय ते चिमट्यानं वेगळं काढून दाखवा बरं! कथा बंगालची, नाचणाऱ्या दोघींतली एक आपली माधुरी, नृत्य बसवलं सरोज खान यांनी, ज्या फाळणीनंतर इकडे आलेल्या कुटुंबात जन्मलेल्या. त्याच नाचासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या उल्हासनगरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लष्कराच्या छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहिली, त्या छावणीचं १९४९ मध्ये शहर झालं आणि आम्ही मराठी माणसं त्यांच्या शेजारी.

तर, बूट. बर्फाचे बूट घेऊन उल्हासनगरात करायचं काय? चार चाकांचे स्केट्स आणले, सेकंडहँड. एका शाळेच्या पटांगणात संध्याकाळी क्लास चालायचा. तिथल्या सरांनी पहिला आठवडाभर फक्त पडायला शिकवलं. गुडघे वाकवून, कुशीवर, तळहात मोकळे ठेवून पडायचं. हनुवटी नेहमी छातीकडे. माझी लेक पडण्यात पहिली आली!

एकदा गटाची सहल गोराईला एस्सेल वर्ल्डला नेली होती, तेव्हा तिथं बर्फाचा छोटा रिंक होता. भाड्याचे बूट, ओले मोजे, आणि आमच्या बायका कठड्याला घोरपडीसारख्या चिकटलेल्या. लेकीनं मात्र पाच मिनिटांत कठडा सोडला. बाहेर आल्यावर म्हणाली, "चाकांवर जमीन ढकलायला लागते, इथं बर्फच आपल्याला नेतो." ऑलिम्पिकचा रिंक साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असतो. तसा आपल्याकडे २०११ मध्ये डेहराडूनला बांधला आणि पुढे कितीतरी वर्षं तो बंदच होता. सिमल्यात नैसर्गिक बर्फाचा रिंक १९२० पासून आहे, पण थंडी पडली तर चालणार. इतक्या लांब कोण जाणार हो? चाकांवर तरी चाकांवर. चाकांवरही फिगर स्केटिंग असतं. २०१० मध्येच चीनमधल्या आशियाई खेळांत हैदराबादच्या अनुपकुमार यामानं त्यात पदक मिळवलं होतं. ते कात्रण मी फ्रिजवर लावलं.

आता जे सांगायचंय ते इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही.

२०१२चा १५ ऑगस्ट. गल्लीतल्या मंडळाचा आणि आमच्या बचत गटाचा मिळून कार्यक्रम. लेक नऊ वर्षांची. ती 'डोला रे'वर चाकांवरचा नाच करणार होती. तीन महिने तयारी चालली होती. आमच्या गटातल्या बायका दिवसभर जीन्सचे धागे कापायच्या, नगावर पैसे मिळायचे. त्यांनीच रात्री बसून घागऱ्याला टिकल्या लावल्या. घोट्यापर्यंतच, चाकात अडकू नये म्हणून. आदल्या दिवशी मंडळातली दोन वडीलधारी मंडळी घरी आली. चहा झाला. म्हणाले, "वहिनी, स्वातंत्र्यदिनाला सिनेमातलं नाचगाणं बरं नाही दिसत. देशभक्तीचं गाणं लावा. आणि पोरीच्या हातात तिरंगा द्या, शोभून दिसेल."

दोन वर्षांपूर्वी त्याच गाण्यावर परदेशी जोडी नाचली तर याच मंडळींनी टाळ्या पिटल्या होत्या. हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला गटासाठी समाजमंदिराची खोली हवी होती आणि ती त्यांच्या शब्दावर मिळणार होती. मी मान डोलावली. लेक म्हणाली, "आई, माझ्या गिरक्या त्या ठेक्यावर बसवल्यात. आणि हातात काठी धरली तर तोल कसा सांभाळू?" मी म्हटलं, "एवढं काय त्यात? दोन मिनिटांचं तर आहे." यांनीही सांगून पाहिलं, पोरीचं ऐक म्हणून. मी ऐकलं नाही.

पावसाची भुरभुर होऊन गेली होती. फरशी पुसली होती, तरी कोपरा ओलाच. दुसऱ्या गिरकीला तिचं चाक सरकलं. हात मोकळे असते तर ती शिकवल्यासारखी कुशीवर पडली असती. पण उजव्या हातात तिरंगा. तिनं तो हात वरच धरला, खाली टेकू दिला नाही, आणि सरळ हनुवटीवर आपटली.

मैदान टाळ्यांनी दणाणलं. कुणीतरी 'भारतमाता की जय'ही म्हणालं. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते अभिमानाचं. हो. पहिलं पाणी अभिमानाचं होतं. माझ्या पोरीनं झेंडा खाली पडू दिला नाही, हेच मला आधी दिसलं. शेजारच्या दादी, शिकारपूरहून दहाव्या वर्षी बोटीनं मुंबईला आलेल्या, काठी टेकत सगळ्यांच्या पुढे गेल्या आणि ओरडल्या, "अरे ताली बाद में बजाना, पहले बच्ची को उठाओ!" तेव्हा मला रक्त दिसलं.

तीन टाके पडले. समाजमंदिराची खोली मिळाली.

दादींना मी नंतर कधीतरी विचारलं, तुम्हाला राग आला होता का माझा? त्या पापड लाटत होत्या. म्हणाल्या, "हमने तो घर भी छोड़ा, गाँव भी छोड़ा। बच्चा नहीं छोड़ा।" आणि मला लाटायला दुसरं लाटणं दिलं. दादी आता नाहीत.

लेक स्केटिंग करत राहिली, पण आठवीपर्यंतच. नववीला क्लासेस, दहावीचं वर्ष, पुढच्या स्पर्धांसाठी नवे बूट, मुंबईच्या फेऱ्या. कारणं सगळ्या घरांत असतात तीच. ती रडली नाही, भांडली नाही, बूट माळ्यावर ठेवून आली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय. २०१४ला सोचीच्या ऑलिम्पिकमध्ये भारताची संघटना निलंबित असल्यानं उद्घाटनाला आपल्या तिन्ही खेळाडूंना ऑलिम्पिकच्या झेंड्यामागून चालावं लागलं. ते बघून अण्णा फार हळहळले. दहा-अकरा वर्षांची पोरगी शांतपणे म्हणाली, "बरंय. हात मोकळे राहिले त्यांचे." अण्णांना कळलं नाही. मला कळलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये आमच्या 'डोला रे'वाल्या जोडीला सुवर्ण मिळालं, पण त्या रात्री मी टीव्ही लावला नाही.

२ ऑक्टोबर २०२३. गांधी जयंतीची सुट्टी. चीनमध्ये हांगझोऊला आशियाई खेळ चालू होते आणि चाकांवरच्या तीन हजार मीटर रिलेत आपल्या मुलींना कांस्य मिळालं, मग मुलांनाही. मुलांच्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे, ही मराठी नावं ऐकून हे सोफ्यावरून उठून उभेच राहिले. पण खरी गंमत पुढे होती. कोरियाचा गडी पहिला येत होता. रेषेच्या थोडं आधी त्यानं जिंकल्याच्या आनंदात दोन्ही हात वर केले. मागून तैवानच्या खेळाडूनं पाय पुढे सरकवला आणि सुवर्ण नेलं. फरक किती? एका सेकंदाचा शंभरावा भाग. लेक, आता वीस वर्षांची, तोंडावर हात ठेवून ओरडली, "अरे, रेषेच्या आधी हात वर करायचे नाहीत! सर पहिल्या दिवशी सांगतात!" दहा वर्षांत मी तिला स्केटिंगबद्दल एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. हनुवटीवरचा व्रण ती हसली की पांढरा होतो.

त्या दिवाळीत तिनं माळ्यावरून खोकं काढलं. बूट अर्थात लहान झाले होते. गटातल्या एकीच्या मुलीला ते बसले. मग दुसरीच्या मुलीसाठी शोधाशोध झाली. आता ठाण्याची नोकरी सांभाळून ती दर रविवारी सकाळी सहा पोरींना शिकवते, त्याच समाजमंदिराच्या अंगणात. पहिला आठवडा फक्त पडायचं. मी गुडघ्याच्या पट्ट्या शिवून देते, जुन्या जीन्सच्या. आत फोम घालते.

मागच्या २६ जानेवारीला मंडळानं पोरींचा कार्यक्रम ठेवला. मंडळी नवी, पण आग्रह तोच, हातात झेंडा हवा. मी तोंड उघडणार तेवढ्यात लेकीनं मान डोलावली, आत गेली, लोखंडी स्टँड आणला आणि मधोमध ठेवला. झेंडा त्यात रोवला, पायाशी चार विटा लावल्या, हलवून बघितला. मग पोरींना म्हणाली, "याच्याभोवती फिरायचं. हात मोकळे."

"गाणं कुठलं ताई?" सगळ्यात धाकटीनं विचारलं.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरची वायर लावत होते. म्हटलं, "ज्याच्यावर गिरक्या बसवल्यात तेच लाव की गं."