दुखावलेली भावना आणि हिणवलेला माणूस

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाचनालयात ‘बंदी घातलेली पुस्तके’ या विषयावर माझे व्याख्यान होते. शेवट मी नेहमीसारखाच केला : शब्दाला उत्तर शब्दानेच द्यावे, पोलिसांनी मध्ये पडू नये. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतला एक मध्यमवयीन गृहस्थ उठला आणि म्हणाला, “सर, आमच्या वस्तीबद्दल गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जे लिहून येतं, त्याला मी कोणत्या शब्दाने उत्तर देऊ? त्या ग्रुपमध्ये आम्हाला घेतलेलंच नाही.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कायद्याचा पदवीधर नाही. जुने निकाल आणि जुनी कात्रणे वाचत वाचत जे शिकलो तेवढेच. त्या प्रश्नानंतर तीच कात्रणे मी पुन्हा काढली. द्वेष पसरवणाऱ्या बोलण्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे छत्र मिळावे का, हा प्रश्न आपण मुळातच चुकीच्या जागी उभा करतो, असे आता मला वाटते. कसे, ते सांगतो.

आपल्याकडे या बाबतीत मुख्यतः दोन कलमे वापरली जातात. भारतीय दंड संहितेतील १५३-अ आणि २९५-अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे क्रमांक १९६ आणि २९९ झाले. पहिले कलम गटागटांत वैर पेरण्याबद्दल आहे, दुसरे धर्माचा वा धर्मश्रद्धेचा अपमान करून भावना दुखावण्याबद्दल. पोलीस ठाण्यात ही दोन्ही बहुधा एकाच दमात लावली जातात. पण दोघांचा जन्म वेगळा आणि स्वभावही वेगळा.

१५३-अ आले १८९८ साली, लोकमान्य टिळकांवरच्या राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यानंतर दुसऱ्याच वर्षी. कलम परक्या सरकारचे, हेतू राज्य शांत ठेवण्याचा. तरी त्याला एक स्पष्टीकरण जोडलेले होते. गटागटांत वैर निर्माण करणाऱ्या गोष्टी कोणी दुष्ट हेतू न ठेवता, त्या दूर व्हाव्यात या प्रामाणिक इच्छेने दाखवून देत असेल, तर तो गुन्हा नव्हे. जातिभेदावर कठोर लिहिणाऱ्या सुधारकासाठी ही खिडकी फार मोलाची होती. स्वतंत्र भारतात १९६१ साली हे कलम नव्याने लिहिले गेले आणि ती खिडकी बंद झाली. इंग्रजाने ठेवलेली सवलत आपण काढून टाकली, याची चर्चा मला फारशी कुठे आढळली नाही.

२९५-अ ची कथा लाहोरची. १९२४ साली तिथे राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरांवर एक उपहासात्मक पुस्तिका काढली. १५३-अ खाली त्याला शिक्षा झाली. १९२७ साली लाहोर उच्च न्यायालयाचे न्या. दलीपसिंग यांनी ती रद्द केली. हे कलम हयात समाजांतील वैराबद्दल आहे, दिवंगत धर्मपुरुषावरील टीका त्यात बसत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्यावरून मोठा क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २९५-अ संमत झाले. चर्चेत बॅरिस्टर जिनांनी बजावले होते की, इतिहासाचे संशोधन आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण राहिलेच पाहिजे. कायदा झाला, तरी एप्रिल १९२९ मध्ये राजपालचा खून झालाच. भावनेच्या रक्षणासाठी केलेला कायदा माणसाचे रक्षण करू शकला नाही.

आता त्याच १९२७ च्या डिसेंबरात या. २५ तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याने कोणाच्याच भावना दुखावल्या नाहीत असे म्हणता येईल का? दुखावल्याच. मोजमाप भावनेचे धरले, तर आरोपीच्या पिंजऱ्यात दहन करणारे उभे राहतात. मोजमाप माणसाच्या प्रतिष्ठेचे धरले, तर जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारा तो ग्रंथच तिथे उभा राहतो. घटना एकच, पण मोजपट्टी बदलली की आरोपी बदलतो. माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे.

भावनेची पट्टी कशी वापरली जाते, हे आपण पुण्यात पाहिले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातल्या एका मजकुरावरून वाद पेटला. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, दुर्मीळ साधनांची नासधूस झाली. तो मजकूर आक्षेपार्ह वाटणाऱ्यांच्या रागाबद्दल मला काही म्हणायचे नाही; राग येऊ शकतो. पण त्याच महिन्यात सरकारने जप्त केले ते पुस्तक, १५३-अ चा आधार घेऊन. ही जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला. म्हणजे पुस्तकाला न्याय मिळायला सहा वर्षे लागली. फोडलेल्या कपाटांची भरपाई कोणत्याच निकालाने होणार नव्हती.

मग अमेरिकेसारखे सगळेच मोकळे सोडावे का? तिथे १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यापासून, बोलण्यातून तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याचा हेतू आणि तसे घडण्याचा संभव असेल, तरच शिक्षा होऊ शकते. मी वर्षानुवर्षे याच निकालाचे गोडवे गात आलो. पण आपल्या गावात माणूस तोडायला दंगल लागत नाही. किराणा बंद होतो, दळण बंद होते, कामावर बोलावणे बंद होते. हे सावकाश आणि शांतपणे होते, आणि त्याआधी बरेच दिवस कोणीतरी बोलत असते. ‘तत्काळ’ या शब्दाच्या चाळणीतून ते बोलणे सहज निसटते.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली व्हॉटकॉट खटल्यात जी रेषा ओढली, ती मला जवळची वाटते. एखाद्या गटाची टिंगल करणे वा त्यांना कमी लेखणे, एवढ्यावर बंदी घालणारे शब्द न्यायालयाने कायद्यातून काढले. त्या गटाला तिरस्काराचा विषय करून समाजाबाहेर ढकलू पाहणाऱ्या टोकाच्या बोलण्यावरची बंदी मात्र ठेवली.

या रेषेची कठीण परीक्षा आपल्याच घरात आहे. दिनकरराव जवळकरांच्या १९२५ च्या ‘देशाचे दुश्मन’ची भाषा आजही वाचताना अंगावर येते. त्यावर बदनामीचा खटला झाला, अपिलात डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले आणि आरोपी सुटले. ‘आपल्या’ बाजूचे म्हणून मी त्याला सूट देणार नाही. सर्वांना जे प्रश्न विचारायचे, तेच त्यालाही. रोख कशावर आहे : विचार, ग्रंथ आणि पुढाऱ्यावर, की जन्माने वा श्रद्धेने एका गटात असलेल्या सगळ्या हयात माणसांवर? मागणी कशाची आहे : मत बदलण्याची, की बहिष्काराची, हाकलण्याची, मारण्याची? आणि ज्यांच्याबद्दल बोलले जाते, त्यांना त्याच चव्हाट्यावर उत्तर देता येते का? जवळकरांच्या लक्ष्यस्थानी असलेल्यांकडे वृत्तपत्रे होती, वकील होते. वस्तीतल्या त्या गृहस्थाकडे ग्रुपचे सभासदत्वही नव्हते.

सरकारच्या हाती असे हत्यार देणे धोक्याचे, हा आक्षेप खराच आहे. पण हत्यार आजच सरकारच्या हाती आहे, आणि ते गरजेपेक्षा रुंद आहे. विधी आयोगाने मार्च २०१७ च्या २६७ व्या अहवालात द्वेषपूर्ण वक्तव्यासाठी वेगळी कलमे सुचवली होती. नव्या संहितेत मात्र त्याची व्याख्याही आली नाही. मी मागतो आहे ते पाते अरुंद करणे. भावना दुखावण्याचा गुन्हा पुस्तकातून काढा. १८९८ ची ती खिडकी पुन्हा उघडा. आणि माणसांना त्यांच्या जन्मावरून वा श्रद्धेवरून गावाबाहेर काढायला सांगणारे बोलणे, एवढेच स्पष्ट शब्दांत गुन्हा ठेवा.

व्याख्यान मी आजही देतो. शेवटचे वाक्य मात्र बदलले आहे. शब्दाला उत्तर शब्दाने द्यावे, हे अजूनही म्हणतो. त्यापुढे जोडतो की, हा नियम ज्याला बोलायला जागा आहे त्याच्यापुरता. ज्याची जागाच काढून घ्यायला निघालेले शब्द असतात, त्याला उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नसते.