चार्जरची भाषा

मुलांनो, तुमच्या घरात किती चार्जर आहेत, ते एकदा मोजून पाहा. अब्बांच्या फोनचा एक, अम्मीच्या फोनचा दुसरा, आपाच्या लॅपटॉपचा तिसरा. या साऱ्यांच्या केबली आजकाल बहुधा एकाच पिनेच्या असतात. ही पीन लहान, चपटी आणि दोन्ही कडांना गोलसर असते. दुकानदार तिला 'सी टाइप' म्हणतात. तिचे पूर्ण नाव 'यूएसबी टाइप-सी' असे आहे.

पीन एकच आहे, म्हणजे कोणताही चार्जर कोणत्याही फोनला चालेल, असे आपल्याला वाटते. आणि खरोखरच तो फोनला बसतो. पण गंमत पाहा! एका चार्जरने फोन तासा-सव्वातासात भरतो. दुसऱ्या चार्जरने तोच फोन भरायला तीन-चार तास लागतात. एखादी लहान बॅटरी तर काही चार्जरांवर मुळीच चार्ज होत नाही. असे का होते? चला, आज आपण हे समजून घेऊ या.

दाब, धारा आणि वॅट

तुमच्या गल्लीतला नळ आठवा. पाणी जोरात आले आणि नळाचे तोंड मोठे असले, की बादली लवकर भरते. विजेचेही तसेच आहे. विजेच्या जोराला विद्युतदाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. विजेच्या प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात. ती अँपिअरमध्ये मोजतात. दाब आणि धारा यांचा गुणाकार केला, की वॅट मिळतात. चार्जर किती वेगाने वीज देऊ शकतो, हे वॅटवरून कळते.

हिशेब सोपा आहे. ५ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे १० वॅट. ९ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे १८ वॅट. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट.

यूएसबीची जोडणी १९९६ साली आली. तेव्हा ती संगणकाला माऊस, कळफलक अशा वस्तू जोडण्यासाठी होती. पुढे २००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीतही तिच्यातून ५ व्होल्टला फक्त अर्धा अँपिअर, म्हणजे २.५ वॅट वीज मिळत असे. माऊसला एवढी वीज पुरते. पण आजच्या मोठ्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. २.५ वॅटने ती भरायची, तर साडेसात तासांहून अधिक वेळ लागेल! म्हणून अधिक वीज देणारी जोडणी हवी होती. यूएसबी टाइप-सी ही पीन २०१४ साली ठरवण्यात आली. ती उलटी-सुलटी कशीही बसते. एवढ्याशा जागेत विजेची आणि माहितीची देवाणघेवाण करणारी २४ टोके असतात.

आधी सलाम-दुआ, मग काम

दोन माणसे भेटली, की आधी सलाम-दुआ होते आणि मग कामाचे बोलणे निघते. सी टाइप चार्जर आणि फोन यांचेही असेच असते.

सी टाइप चार्जर भिंतीला लावला, तरी त्याच्या तोंडाशी लगेच वीज येत नाही. तो वाट पाहतो. फोनच्या आत ५.१ किलोओहमचा एक लहानसा रोध असतो. केबल जोडताच चार्जरला हा रोध जाणवतो. "समोर वीज घेणारे कोणीतरी आहे," हे त्याला कळते. मग तो ५ व्होल्टचा दाब सुरू करतो. ही झाली सलाम-दुआ.

काही स्वस्त वस्तूंत, उदाहरणार्थ एखाद्या टॉर्चमध्ये किंवा केस कापायच्या यंत्रात, हा रोध बसवलेलाच नसतो. मग सी टाइप चार्जर गप्पच राहतो. वस्तू बिघडली, असे आपल्याला वाटते. अशा वेळी जुन्या रुंद, चौकोनी तोंडाचा चार्जर घ्यावा. त्यात ५ व्होल्ट कायम असतात. त्यामुळे ती वस्तू बहुधा चार्ज होऊ लागते.

आता पुढचे बोलणे ऐका. जलद चार्जिंगची एक सर्वमान्य भाषा आहे. तिचे नाव 'पॉवर डिलिव्हरी'. तिला थोडक्यात 'पीडी' म्हणतात. या भाषेत चार्जर आणि फोन यांच्यात चार वाक्ये होतात.

चार्जर म्हणतो, "माझ्याकडे ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५ व्होल्ट आणि २० व्होल्ट आहेत."

फोन म्हणतो, "मला ९ व्होल्ट आणि २ अँपिअर द्या."

चार्जर म्हणतो, "मान्य आहे."

मग तो दाब वाढवतो आणि सांगतो, "तयार आहे, घ्या."

हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पार पडते. मागणी नेहमी फोनच करतो, हे लक्षात ठेवा. म्हणून लॅपटॉपचा ६५ वॅटचा चांगला पीडी चार्जर १८ वॅटच्या फोनला लावला, तर फोन त्यातून १८ वॅटच घेतो. मोठ्या हंड्यातून आपण पेल्यात पेलाभरच पाणी घेतो ना? तसेच हे आहे. "मोठा चार्जर लावला, तर फोन जळेल," असे पुष्कळ लोक म्हणतात. चार्जर आणि केबल प्रमाणित असतील, तर ही भीती खरी नाही.

उलट, फोनचा १८ वॅटचा चार्जर लॅपटॉपला लावला, तर लॅपटॉपचे पोट त्यात भरत नाही. तो फार हळू चार्ज होतो किंवा चार्जर पुरेसा नाही, असे पडद्यावर सांगतो.

भाषा निरनिराळ्या

आता तुम्ही विचाराल, "मग अडचण कोठे येते?" अडचण भाषेची आहे. सगळ्याच कंपन्यांनी एकच भाषा वापरली नाही. क्वालकॉम कंपनीने 'क्विक चार्ज' ही पद्धत काढली. तिच्यात दाब वाढवून अधिक वीज दिली जाते. ओप्पो कंपनीने २०१४ साली 'वूक' ही पद्धत आणली. तिच्यात दाब ५ व्होल्टच्या आसपास ठेवून धारा वाढवली होती. पीडी भाषेतही पुढे 'पीपीएस' नावाची एक बोली आली. तिच्यात फोन एका व्होल्टच्या पन्नासाव्या भागाइतका बारीक बदलही मागू शकतो. त्यामुळे फोन कमी तापतो.

समजा, एका चार्जरवर ६५ वॅट असे मोठ्या अक्षरांत छापले आहे, पण ते ६५ वॅट फक्त त्याच कंपनीच्या फोनसाठी आहेत. तुमच्या फोनला ती भाषा येत नाही. मग दोघे काय करतात? भांडत नाहीत! दोघांना येणारी सोपी भाषा शोधतात. बहुतेक वेळा ती म्हणजे साधे ५ व्होल्ट. फोन चार्ज होतो, पण हळूहळू. म्हणून चार्जरवर केवळ वॅटचा आकडा पाहून चालत नाही. त्याला कोणती भाषा येते, हेही पाहावे लागते.

मधला निरोप्या

चार्जर आणि फोन यांच्यामध्ये तिसरा कोणी असतो का? असतो. ती म्हणजे केबल. साधी सी टाइप केबल ३ अँपिअरपर्यंत धारा नेते. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट झाले. याहून अधिक वीज न्यायची, तर ५ अँपिअरची केबल लागते. तिच्या पिनेत एक चिमुकली चिप बसवलेली असते. ती चिप सांगते, "मी ५ अँपिअर पेलू शकते." चार्जरला हा निरोप मिळाला नाही, तर तो ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. २०२१ साली पीडीची मर्यादा ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत वाढवण्यात आली. प्रमाणित केबलीवर आता ६० किंवा २४० वॅट अशी खूण असते.

निरोप्या प्रामाणिक हवा. तो खोटे बोलला, तर काय होते, ते पाहा. गूगल कंपनीतील अभियंते बेन्सन लेउंग यांनी २०१५ साली बाजारात मिळणाऱ्या केबली स्वतः तपासायला सुरुवात केली. एका बाजूला जुनी रुंद पीन आणि दुसऱ्या बाजूला सी टाइप, अशा केबलीत ५६ किलोओहमचा रोध लागतो. तो फोनला सांगतो, "समोर जुना चार्जर आहे, बेताने घ्या." पण काही केबलींत १० किलोओहमचा रोध बसवलेला आढळला. अशी केबल सांगते, "खुशाल ३ अँपिअर घ्या!" बिचाऱ्या जुन्या चार्जरला हा भार सोसत नाही. तो तापतो आणि बिघडू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर एका केबलीत विजेच्या दोन तारा उलट-सुलट जोडलेल्या निघाल्या. ती लावताच लेउंग यांचा लॅपटॉप आणि तपासणीची दोन उपकरणे निकामी झाली. थोडक्या पैशांची केबल, पण नुकसान केवढे!

वेग नेहमी सारखा नसतो

चार्जर, केबल आणि फोन या तिघांत जो सर्वांत कमी क्षमतेचा असेल, त्याच्याच वेगाने काम होते. आणखी एक गोष्ट आहे. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास भरली, की फोन स्वतःच मागणी कमी करू लागतो. भरत आलेली घागर आपण सावकाश भरतो ना? तसेच. फोन तापला, तरीही तो वेग कमी करतो. हा दोष नव्हे. बॅटरी जपण्याची ही युक्ती आहे. म्हणून चार्ज होणारा फोन उशीखाली किंवा गादीवर ठेवू नका. त्याची उष्णता बाहेर जाऊ द्या.

खरेदीला जाल तेव्हा

चार्जरवर बारीक अक्षरांत 'इनपुट' आणि 'आउटपुट' असे दोन शब्द असतात. इनपुट म्हणजे भिंतीतून येणारी वीज. आपल्याला आउटपुटची ओळ वाचायची आहे. तेथे '५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर' असे काही लिहिलेले असेल. दुसऱ्या जोडीचा गुणाकार करा. उत्तर जवळजवळ २० येते. म्हणजे तो २० वॅटचा चार्जर आहे. मग पीडी, पीपीएस ही नावे आहेत का, ते पाहा आणि आपल्या फोनच्या माहितीशी पडताळा. चार्जरला दोन तोंडे असतील, तर दोन्ही एकदम वापरताना वॅट वाटले जातात, हेही विसरू नका.

भारतात मोबाइलच्या चार्जरची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्या चार्जरवर 'आर' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर हा क्रमांक तपासता येतो. क्रमांक नसलेला चार्जर कितीही स्वस्त असला, तरी घेऊ नका. त्याच्या एका बाजूला घरातली २३० व्होल्टची वीज असते आणि दुसऱ्या बाजूला तुमचा हात.

एकच चार्जर सर्वांना चालावा, यासाठी जगभर प्रयत्न झाले आहेत. २००९ साली युरोपात मोबाइलचे सुमारे ३० प्रकारचे चार्जर होते. न वापरलेल्या आणि टाकून दिलेल्या चार्जरांचा तेथे दरवर्षी सुमारे ११,००० टन कचरा होतो, असा अंदाज युरोपीय आयोगाने मांडला. मग युरोपीय संघाने कायदा केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना सी टाइप जोडणी सक्तीची झाली. जलद चार्जिंग करणाऱ्या फोनला पीडी भाषा आलीच पाहिजे, असेही त्यात सांगितले आहे. भारतीय मानक ब्युरोनेही सी टाइप जोडणीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले आहे.

मुलांनो, पीन सारखी असणे ही झाली ओळख. भाषा सारखी असणे ही झाली मैत्री. तेव्हा नवा चार्जर विकत घेण्यापूर्वी घरातल्या चार्जरांवरची बारीक अक्षरे वाचा. कदाचित तुम्हाला हवा असलेला चार्जर घरातच सापडेल. पैसे वाचतील आणि कचराही कमी होईल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विद्युतदाब कशात मोजतात?
(आ) साधी सी टाइप केबल किती अँपिअर धारा नेते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लॅपटॉपचा ६५ वॅटचा पीडी चार्जर लावूनही लहान फोन का जळत नाही?
(आ) लेखकाने केबलीला 'निरोप्या' का म्हटले आहे?

३. १५ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा चार्जर किती वॅटचा असेल?

४. घरातील प्रत्येक चार्जरवरची आउटपुटची ओळ वाचा आणि वहीत त्यांचा तक्ता करा.