दहा नंबरची सुई

सासरे गेल्यावर सासूबाई पहिल्यांदाच एकट्या आमच्याकडे मिशिगनला आल्या, त्या २०२३च्या नोव्हेंबरात. आम्ही दोघे सकाळी कामावर, मुले शाळेत. संध्याकाळी पाचलाच अंधार. आई दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरचा बर्फ पाहत असत. मराठी मालिका लावून दिल्या, पण टीव्ही आपला चालू राहायचा आणि आईंचे लक्ष भलतीकडेच. जेवण निम्म्यावर आले. विचारले तर म्हणायच्या, "मला काही झालं नाहीये गं. तुम्ही आपापली कामं करा."

जानेवारीत पुण्याहून नणंदेचा फोन आला. तिच्या मुलीला दिवस गेले होते. आई एकदम सावरून बसल्या. "लोकर आण, आणि दहा नंबरच्या सुया. बाळंतविडा मीच विणणार!"

मी तत्परतेने दोन्ही वस्तू घरबसल्या मागवल्या. पाकीट उघडून आईंनी सुया हातात घेतल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, ह्या सुया आहेत का लाटणी? मी दहा नंबर सांगितला होता." पाकिटावर तर ठळक '१०' छापलेले होते. लोकरही अशी जाड, की तिची दोरी वळावी. त्या शनिवारी मी आईंना गाडीत घातले आणि गावातल्या लोकरीच्या दुकानात गेले. या दुकानावरून मी अकरा वर्षे येत-जात होते, पण आत एकदाही पाऊल टाकले नव्हते.

नंबरांचा घोळ

दुकानाच्या मालकीणबाईंनी भोके पाडलेली एक पट्टी काढली, माझी सुई एकेका भोकातून घालून पाहिली आणि हसून कोडे उलगडले. भारतात आपल्या आया-मावश्या ज्या नंबरांच्या सुया वापरत आल्या, ते नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलटे, नंबर वाढला की सुई जाड. आईंची दहा नंबरची सुई म्हणजे ३.२५ मिलिमीटर, आणि ती इथे ३ नंबरची. इथली १० नंबरची सुई चक्क ६ मिलिमीटरची! तशीच आपली ८ नंबरची (४ मिलिमीटर) इथे ६ नंबरची होते आणि आपली १२ नंबरची (२.७५ मिलिमीटर) इथे २ नंबरची. म्हणून नंबर विसरा आणि मिलिमीटर विचारा. ते सगळ्या जगात सारखेच.

क्रोशाच्या कामातही असाच घोळ आहे. ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकात ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात, त्याला अमेरिकन पुस्तकात 'सिंगल क्रोशे' म्हणतात. भारतातून आणलेले जुने पुस्तक वापरत असाल तर हे आधी पाहून घ्या, नाहीतर रुमालाची चादर व्हायची.

टेबलाभोवती

दुकानात मागच्या बाजूला एक मोठे टेबल होते. पाच-सहा बायका आणि एक निवृत्त गृहस्थ विणत बसले होते. मालकीणबाईंनी आईंना खुर्ची दिली, बारीक सुया आणि मऊ लोकर दिली आणि खुणेनेच सांगितले, "विणून पाहा." आईंनी टाके घातले. सुई काखेत दाबून धरायची त्यांची जुनी सवय. हात असे भराभर चालू लागले की टेबलावरच्या सगळ्यांचे विणकाम थांबले. पुढच्या खेपेला आईंनी बाळाचा मोजा चार सुयांवर विणला आणि टाच वळवली, कागदावरचा नमुना न बघता. तेव्हा त्या गृहस्थांनी आपला तीन आठवडे अडलेला मोजा पिशवीतून काढून आईंपुढे ठेवला!

दर गुरुवारी संध्याकाळी तिथे दोन तास सगळे जमत. प्रवेश फी नाही. आईंचे इंग्रजी बेताचे, पण सुलट टाका म्हणजे 'निट' आणि उलट टाका म्हणजे 'पर्ल' एवढे कळल्यावर त्यांचे काही अडले नाही. एकदा तिथे सूत कातण्याचा वर्ग होता. शिकवणाऱ्या बाईंनी लाकडी चाती फिरवून दाखवली, तर आई म्हणाल्या, "अय्या, ही तर आमची टकळी! शाळेत कातायचो की आम्ही." आमच्या शाळेत टकळी नव्हती, त्यामुळे मी आणि आई त्या वर्गाला एकत्र बसलो. माझा धागा चार बोटांवर तुटत होता आणि आई मला मराठीतून ओरडत होत्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला.

दुकानात काय पाहावे?

मोठ्या साखळी दुकानांपैकी जोअ‍ॅनने २०२५मध्ये आपली सर्व दुकाने बंद केली. त्यामुळे लोकर हाताला लावून, बोटांत चोळून घ्यायची असेल तर अशा लहान दुकानांचे महत्त्व वाढले आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी काही सूचना:

१. लेबलावर जाडीचा आकडा असतो, ० ते ७. शून्य म्हणजे जाळीदार कामाचा अगदी बारीक धागा, सात म्हणजे दोरीसारखा. बाळाच्या कपड्यांना १ ते ३ बरा. नवशिक्यांनी ४ घ्यावा आणि सुया ४.५ ते ५.५ मिलिमीटरच्या.

२. लेबलावर 'डाय लॉट'चा नंबर असतो. एकाच घाणीत रंगवलेल्या लोकरीचा तो नंबर. स्वेटरची सगळी लोकर एकाच नंबरची आणि एकदमच घ्या. नंतर आणलेल्या लडीचा रंग दिव्याखाली जुळतो आणि उन्हात फसवतो.

३. घरात कपडे धुण्याचे मशीन असेल तर 'सुपरवॉश' लिहिले आहे का ते पाहा. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. माझ्या धाकट्याचा एक स्वेटर असाच बाहुलीच्या मापाचा झाला आहे. बाळाच्या आईला हाताने धुवायला वेळ नसतो, हेही लक्षात ठेवा.

४. लोकर लडीच्या रूपात मिळाली तर तशीच विणायला घेऊ नका, गुंता होतो. दुकानात लडी उलगडायची फिरकी असते. आपण तिथे घेतलेल्या लोकरीचा गुंडा बहुधा फुकट करून देतात.

खर्चाचा हिशेब

"इथे महाग असतं," हे आपले पहिले वाक्य, आणि ते खरेही आहे. आमच्या दुकानात हाताने रंगवलेली १०० ग्रॅमची लडी पंचवीस डॉलरच्या पुढे जाते, तर बाजारातला अ‍ॅक्रिलिकचा गुंडा सहा-सात डॉलरला मिळतो. पण मधली वाटही आहे. साध्या, एकरंगी, मध्यम जाडीच्या लोकरीची १०० ग्रॅमची लडी साधारण २०० ते २२० यार्ड भरते. तिच्यात मोठ्या माणसाची टोपी आरामात होते आणि हात सावकाश चालला तर ती आठवडाभर पुरते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला मात्र हजार-दीड हजार यार्ड, म्हणजे पाच ते सात लड्या लागतात. तेव्हा पहिल्याच दिवशी स्वेटरचा संकल्प सोडू नका!

शिकवणीचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे ठरावीक आठवड्यांचा वर्ग: टोपी, मोजे, क्रोशा, सूतकताई किंवा छोट्या मागावरचे विणकाम. दुसरा म्हणजे अडलेल्या कामापुरती तासावर मदत. नाव नोंदवताना तीन गोष्टी विचारा: फीमध्ये लोकर-सुया धरल्या आहेत का, एक दिवस चुकला तर भरून मिळतो का, आणि वर्गात किती जण असतील. सहा जणांपर्यंतचा वर्ग नवशिक्यांना चांगला. बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत आणि सीनियर सेंटरमध्येही विणकामाचे गट असतात. तिथे खर्च नगण्य असतो. दुकानाच्या टेबलावर नेहमी बसणार असाल तर मात्र थोडीफार लोकर त्याच दुकानातून घ्यावी. दिवा आणि खुर्ची मालकीणबाईंची असते.

भारतातून आलेल्या आई-वडिलांबद्दल हमखास विचारला जाणारा प्रश्न: बी-२ व्हिसावर वर्गाला जाता येते का? पदवीच्या अभ्यासात न धरला जाणारा, छोटा, हौसेचा वर्ग या व्हिसावर चालतो. विणलेल्या वस्तू विकणे हे वेगळे प्रकरण आहे. भेटीच्या व्हिसावर आलेल्यांनी, तसेच कामाची परवानगी नसलेल्या एच-४ व्हिसावरच्या भगिनींनी विक्रीच्या फंदात पडू नये, मग ती घरबसल्या का असेना. ज्यांना परवानगी आहे त्यांनीही लक्षात ठेवावे की हौसेतून मिळालेली रक्कम कराच्या कागदांत दाखवावी लागते, आणि हौसेचा खर्च २०१८पासून फेडरल करातून वजा होत नाही. व्यवसाय म्हणून केले तर खर्च वजा होतो, पण निव्वळ कमाई वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त झाली की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागू होतो.

तब्येतीच्या दृष्टीने

एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३मध्ये खास पत्रक काढून सांगितले होते. विणकामाबद्दल म्हणाल तर २०१३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी'मध्ये ३१ देशांतल्या ३,५४५ विणणाऱ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. जे जास्त वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. उत्तरे देणारे सगळे आधीपासूनच विणकामाचे वेडे होते, त्यामुळे याला औषधाचा पुरावा समजू नये. पण आमच्या घरी फरक दिसला तो गुरुवारमुळे. गुरुवार आला की आई चार वाजताच साडी बदलून, पिशवी घेऊन तयार बसत. लोकर घरीही होतीच की!

हातांचीही काळजी घ्या. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटे, मनगट आणि मान मोकळी करा. सांधे दुखत असतील तर धातूपेक्षा बांबूच्या सुया हाताला बऱ्या वाटतात. मोठे काम गोल सुईवर घ्या, म्हणजे त्याचे वजन मनगटावर न येता मांडीवर येते. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर विणणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक महत्त्वाचे. घरातल्या वडीलधाऱ्यांची झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर नुसती लोकर आणून देऊन थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. आम्हीही आईंना नेले होते, आणि ते आधीच न्यायला हवे होते. जगण्याची इच्छा उरली नाही असे कोणी बोलून दाखवले, तर ९८८ हा फोन नंबर चोवीस तास चालू असतो.

आई एप्रिलमध्ये परतल्या. सुया हातातल्या सामानात न्यायला अमेरिकेच्या विमानतळावर परवानगी आहे, पण वाटेतल्या विमानतळाचा भरवसा नको म्हणून आम्ही त्या मोठ्या बॅगेत टाकल्या. टोपरे, झबले, मोजे आणि दुपटे असा अख्खा बाळंतविडा त्यांनी मात्र हातातल्या पिशवीत ठेवला. निघताना टेबलावरच्या मंडळींनी ती भोकांची पट्टी त्यांना भेट दिली. आता फोनवर माझी चौकशी होते ती शेवटी. आधी प्रश्न असतो, "त्या गृहस्थांचा दुसरा मोजा झाला का गं?"

या हिवाळ्यात तुमच्याकडे कोणी येणार असेल, तर तिकिटाबरोबरच जवळचे लोकरीचे दुकान आणि तिथला बैठकीचा वार शोधून ठेवा. पहिल्या दिवशी त्यांना नुसते सोडून निघू नका, शेजारची खुर्ची घेऊन तुम्हीही बसा. तुमच्या गावात असे चांगले टेबल असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.