घरातलं माणूस पंथात हरवतं तेव्हा

आजचा विषय असा आहे, की त्याबद्दल घरात बोललं जातं, पण दार लावून. "हिचा नवरा त्या महाराजांच्या नादी लागलाय." "तिची लेक सहा महिने घरी फोन करत नाही, म्हणे गुरूंनी नको सांगितलंय." "सासूबाईंनी पाटल्या मोडून आश्रमाला दिल्या." ऐकणारी हळहळते, सांगणारी लाजते, आणि बोलणं तिथंच थांबतं. त्याबद्दल आज आपण उघडपणे बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ही श्रद्धेविरुद्धची चर्चा नाही. कुणी वारीला जातं, कुणी रोजा ठेवतं, कुणी रविवारी चर्चला जातं, कुणी विहारात वंदनेला बसतं. त्यातून धीर मिळतो, चार माणसं जोडली जातात. वारकरी आषाढीला पंढरपूरला जातो, पण एकादशी झाली की आपल्या घराकडे, शेताकडे परत येतो. पुढच्या वर्षी नाही जमलं तर त्याला कुणी वाळीत टाकत नाही. आपण बोलणार आहोत ते दुसऱ्याच प्रकाराबद्दल. जिथं जाता येतं, पण परत येता येत नाही, अशा गटांबद्दल. असे गट कुठल्याही धर्माच्या नावाने निघतात आणि कुठल्याही देशात निघतात.

म्हणून पहिलं उदाहरण आपल्या गावापासून खूप लांबचं घेते, जपानचं. लांबचं असलं की आपण रागावल्याशिवाय ऐकतो.

८ जुलै २०२२ रोजी जपानमधल्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे प्रचारसभेत बोलत होते. एका ४१ वर्षांच्या माणसाने घरी बनवलेल्या बंदुकीने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. सगळ्यांना वाटलं, राजकारणातलं वैर असणार. पण त्या माणसाने पोलिसांना सांगितलं ते आपल्या आईबद्दल. त्याची आई युनिफिकेशन चर्च या पंथात होती. हा पंथ १९५४ साली दक्षिण कोरियात सुरू झाला आणि पुढे जपानमध्ये पसरला. आईने या पंथाला सुमारे १० कोटी येन दिले होते. त्या वर्षीच्या दराने आपले पाच कोटींहून अधिक रुपये. नवऱ्याच्या विम्याचे पैसे गेले, घर-जमीन विकून आलेले पैसे गेले, आणि २००२ साली ती दिवाळखोर ठरली. आबे यांचा या पंथाशी संबंध आहे असं मुलाला वाटत होतं, म्हणून त्याने त्यांच्यावर राग काढला. खुनाचं समर्थन कुणी करू नये, आपणही करत नाही. पण त्या गोळीच्या मागे एक मोडलेलं घर होतं, हे जपानला त्या दिवशी दिसलं.

आता त्या आईकडे बघा. तिच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती. पदरात तीन मुलं. थोरला लहानपणापासून गंभीर आजारी. अशा बाईला रात्री झोप लागत असेल का? "माझ्याच वाट्याला हे का?" असा प्रश्न तिला पडला नसेल का? या पंथाचे लोक नेमके अशाच माणसांपर्यंत पोहोचत. तुमच्या पूर्वजांची पापं तुम्हाला भोवताहेत, ती फेडायची तर दान करा, हा कलश घ्या, हा शिक्का घ्या, असं सांगत. एकेका वस्तूला लाखो येन लावत. आपल्याकडे पितृदोष सांगून महागड्या शांती करायला लावतात, त्याची आठवण झाली ना? देश वेगळा, भाषा वेगळी, पण धागा तोच. दुःख हेरायचं, त्याला एक कारण द्यायचं आणि त्या कारणावरचा उपाय फक्त आपल्याकडेच आहे म्हणायचं.

असं माणूस भोळं किंवा बिनडोक असतं, हा समज मनातून काढून टाका. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षिकाही यात ओढल्या जातात. कारण कुणीही पहिल्याच दिवशी "जमीन विका" म्हणत नाही. पहिल्या दिवशी मिळतं ते प्रेम. कुणीतरी शेजारी बसवून घेतं, तासभर ऐकून घेतं, डोळे पुसतं. घरात ज्या बाईला दोन वर्षांत कुणी "तू जेवलीस का?" विचारलेलं नसतं, तिला तिथं विचारतात. मग दर गुरुवारी यायला सांगतात, मग रोज. मग पहाटेची सेवा, रात्रीचं जागरण. झोप कमी होते, उपास वाढतात, आणि थकलेल्या डोक्याला विचार करणं जड जातं. मग शंका विचारली की उत्तर मिळत नाही, "अजून तुमची श्रद्धा कच्ची आहे" असं मिळतं. म्हणजे शंका हेच पाप ठरतं. शेवटी घरचे लोक आड येऊ लागले की सांगतात, "ते अज्ञानी आहेत, मायेत अडकलेले आहेत, त्यांच्यापासून लांब राहा."

इथवर आलं की माणसाचा दिवस, पैसा, झोप, मैत्रिणी, सगळं त्या एकाच ठिकाणी बांधलेलं असतं. सोडायचं म्हटलं तर एकदम सगळंच सुटतं. शिवाय मनात भीती घातलेली असते, की सोडलंस तर मुलाला अपघात होईल, नवऱ्याला रोग होईल. आणि जितकं जास्त दिलेलं असतं, तितकं "हे चुकीचं होतं" म्हणणं अवघड होतं. दहा वर्षं आणि दहा तोळे दिल्यावर माणूस स्वतःलाच समजावतं, की फळ अजून यायचंय. म्हणून "एवढं कळत नाही का तुला?" या प्रश्नाचा उपयोग होत नाही. तिला काही कळत नाही असं नसतं. निघायची वाट बंद झालेली असते.

मग आपल्या घरातलं माणूस श्रद्धेत आहे की अशा फासात, हे ओळखायचं कसं? ते काय मानतात हे बघत बसू नका. एकच गोष्ट बघा. तिथं "नाही" म्हणता येतं का? या आठवड्यात येणार नाही, एवढे पैसे देणार नाही, मला हे पटत नाही, डॉक्टरांची गोळी बंद करणार नाही, असं म्हटलं तर काय होतं? साधं "बरं" म्हणून सोडून देत असतील तर काळजी नको. पण धमकी, शाप, बहिष्कार किंवा सगळ्यांसमोर अपमान होत असेल, तर सावध व्हा.

याची झळ सगळ्यात आधी मुलांना लागते. जपानमध्ये अशा घरांत वाढलेल्या मुलांना एक नावच आहे, 'शूक्यो निसेई', म्हणजे धर्मपंथातली दुसरी पिढी. आईबापांनी पंथ निदान स्वतः निवडला, यांनी तोही निवडलेला नव्हता. मित्रांच्या वाढदिवसाला जायचं नाही, प्रेम करायचं नाही, शिक्षणाचे पैसे दानात गेलेले, आणि चुकलं की नरकाची भीती. आबे यांच्या खुनानंतर ही मुलं पुढे येऊन बोलू लागली. डिसेंबर २०२२ मध्ये जपानने कायदा केला. माणसाला घाबरवून देणगी मागायची नाही आणि देणगीसाठी कर्ज काढायला किंवा राहतं घर विकायला सांगायचं नाही. जिच्यावर घर अवलंबून आहे तिने असं दान दिलं असेल, तर काही मर्यादेत ते परत मागण्याची वाट मुलांना आणि जोडीदाराला मिळाली. मुलाला नरकाची भीती घालून धार्मिक कामाला जुंपणं हा छळ ठरू शकतो, असंही तिथल्या सरकारने सांगितलं. आणि २५ मार्च २०२५ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने या पंथाची धार्मिक संस्था म्हणून असलेली नोंदणी रद्द करून ती विसर्जित करण्याचा आदेश दिला.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या बाईच्या हातात काय आहे?

डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं ज्या कायद्यासाठी झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्यांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाल्यानंतर. हा कायदा पूजा, वारी, कीर्तन, प्रवचन यांच्या आड येत नाही. पण भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, दैवी शक्तीचा दावा करून बाईशी शरीरसंबंध ठेवणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पंथ सोडला म्हणून सगळ्या समाजाने मिळून कुणाला वाळीत टाकलं, लग्नाला, मयताला येऊ दिलं नाही, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नवरा किंवा सासरचे तुमचं स्त्रीधन दानात देत असतील, घर विकायला निघाले असतील, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तो आर्थिक छळ धरला जातो. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायालयात अर्ज करता येतो आणि न्यायालय ती विक्री थांबवू शकतं. सहा ते चौदा वर्षांचं मूल शाळेतून काढून आश्रमात सेवेला ठेवलं असेल, तर तो त्या मुलाच्या शिक्षणाच्या हक्कावर घाला आहे. मुलाला कुणी नको तिथं हात लावत असेल, तर गुरू असो की कोणी, पॉक्सो कायदा लागतो.

पण कायद्याची एक मर्यादा समजून घ्या. अठरा वर्षांवरची व्यक्ती स्वतःच्या मर्जीने कुठं राहत असेल, तर पोलीस तिला उचलून घरी आणू शकत नाहीत. आपणही आणू नये. जपानमध्ये याच पंथातल्या एका तरुणाला घरच्यांनी पंथ सोडवण्यासाठी बारा वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेवलं. त्याने पंथ तर सोडलाच नाही, बाहेर आल्यावर घरच्यांवर दावा लावला आणि न्यायालयाने त्याला भरपाई द्यायला लावली. कोंडण्याने पंथाचंच म्हणणं खरं ठरतं, की बघा, घरचे तुमचे वैरी आहेत.

मग करायचं काय? गुरूला शिव्या देऊ नका, फोटो फोडू नका. तसं केलं की ती गुरूची बाजू घेणार आणि तुमच्यापासून आणखी लांब जाणार. तिच्याशी पंथाखेरीज बाकी सगळं बोला. लोणचं कसं घालायचं ते विचारा, भाच्याची परीक्षा कशी झाली ते सांगा, जुने फोटो दाखवा. ती पंथात जाण्याआधी कोण होती, हे तिला आठवत राहिलं पाहिजे. प्रश्न विचारा, पण हरवण्यासाठी नको. "तुला तिथं बरं वाटतं ते कशामुळे?" "दमतेस का?" ती स्वतःहून एखादी शंका बोलली, तर "मी सांगत होते ना" म्हणू नका, नुसतं ऐका. पैसे हातात देऊ नका, ते पुढे कुठं जातील ते माहीत आहे. डबा द्या, औषध आणून द्या, मुलांची फी थेट शाळेत भरा. सातबारा, घराची कागदपत्रं, बँकेची पुस्तकं, मुलांचे दाखले यांच्या प्रती काढून सुरक्षित ठेवा. आणि कोऱ्या कागदावर सही, कितीही आग्रह झाला तरी, करू नका.

आणि ज्या मैत्रिणी स्वतः अशा ठिकाणी आहेत आणि आता मनात खटकतंय, त्यांना एवढंच सांगायचंय. शंका येणं पाप नाही. कुणा एकीला तरी सांगा. पहिले काही महिने जड जातात. रिकामं वाटतं, रात्री शापाची भीती वाटते, लाज वाटते. हे सगळ्यांनाच होतं आणि हळूहळू कमी होतं. घरच्यांनी त्या दिवसांत हिशोब मागू नये. किती सोनं गेलं, किती वर्षं गेली, हा हिशोब नंतर होईल. आधी तिला जेवू द्या आणि पोटभर झोपू द्या.

शेवटी काही क्रमांक सांगते, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. तातडीच्या वेळी पोलीस ११२. महिलांसाठी १८१. मुलांसाठी १०९८. मन घाबरं होत असेल, झोप लागत नसेल तर टेली-मानस १४४१६. आणि कायद्याच्या सल्ल्यासाठी १५१००. बाईला सरकारकडून वकील फुकट मिळतो, तिची कमाई किती हे त्यासाठी विचारत नाहीत.

ज्या घरात हे चाललंय, त्या घरातली बाई आज ऐकत असेल, तर तिने आपल्या माणसाला आज एक साधा फोन करावा. पंथाचं नाव न काढता. "जेवलीस का?" एवढंच विचारावं. उत्तर आलं नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं.